दुसऱ्या दिव्याचा भार

सत्तावन्न सालच्या पौषातली गोष्ट. प्राणहिता नदीच्या काठी एका लाकूड-ठेकेदाराची नाव होती, मागं इंजन टांगलेली. इंजनाच्या डायनामोवर बॅटरी भरायची आणि बॅटरीवर नावेच्या तोंडाचा मोठा दिवा जळायचा. पण बॅटरी रोज उतरायची, म्हणून आलापल्लीहून मुखरू मिस्त्रीला बोलावणं गेलं. मुखरू हाताचा पक्का, तोंडाचा तिखट.

नाव काठाला बांधून त्यानं दिवसभर एकेक गोष्ट तपासली. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा मळ गरम पाण्यानं धुतला, तारा चाचपल्या, डायनामोचे झिजलेले कोळसे बदलले. मग इंजन चालू केलं. बॅटरीत येणारी-जाणारी वीज दाखवणाऱ्या आमीटरचा काटा आठ घरं वर चढला. दिवा लावला, तसा पाच घरं उतरून तीनवर थांबला. म्हणजे दिवा पोसून वर बॅटरी भरत होती. खोट कुठंच नव्हती. दिवा जळत ठेवून घोरत असशील, असं तो नावाड्याला, दसरूला, चिडवून म्हणाला. दसरू हसला नाही.

"इथी काई होत नाई, भाऊ. दोहात होते."

दुसऱ्या सकाळी धुकं असं दाटलं की हाताचा पंजा दिसेना. त्यातून सुकरीबाई आली, जंगलातल्या गावची म्हातारी. मागं चौघांच्या खांद्यावर खाट, खाटेवर तिची धाकटी सून बुधरी. दोन दिवस कळा देत होती, मूल आडवं आलं होतं. दवाखाना पल्याड, आणि मधे तो दोह, खडकांनी भरलेला खोल डोह. दसरू नको म्हणत होता. सुकरी रडली नाही, हात जोडले नाहीत. थोरली सून इतवारी अशीच अवघडलेली, श्रावणात कोरीव लाकडाच्या डोंग्यातून निघाली होती. दिवा नव्हता, अंधारात खडक दिसला नाही. डोंगा त्याच दोहात फुटला, इतवारी सापडली नाही. एवढं सांगून ती खाटेच्या उशाशी जाऊन उभी राहिली. मुखरूनं खाट नावेत घेतली. दिवा विझू देत नाही, म्हणाला, मी मशीनीजवळच बसतो.

दोह लागला आणि इंजनाचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा झाला. शेवाळाचा वास आला. दिवा तांबडा पडू लागला. मुखरूनं आमीटर पाहिला, काटा शून्याच्याही खाली दोन घरं. इंजन तर भरात होतं. तीनवरून उणे दोन… पाच घरं कोण खाऊन राहिलं? पाच म्हणजे बरोबर एका दिव्याचा भार.

"दसरूभाऊ," तो हळूच म्हणाला, "दोन दिवे जळून राह्यले."

दसरूनं नुसतं समोर बोट केलं. धुक्यात, पाण्याला टेकून, एक दिवा पुढं पुढं चालला होता. मुखरूनं आपला दिवा बंद केला. काटा आठवर जायला हवा होता. तो तीनवर थांबला. समोरचा दिवा मात्र लख्ख झाला. मुखरूनं दिव्याची तारच उपटून हातात घेतली. काटा तीनवरच.

त्याच घडीला बुधरीचं कण्हणं थांबलं. आणि पुढून, त्या उजेडातून, बाई कण्हू लागली.

"माही इतवारी व्हय…" सुकरी म्हणाली. "राहू दे तिले उजेड, भाऊ…"

मुखरूच्या हातात तार होती. जोडली तर दोन्ही दिवे मिणमिणणार, खडक कुणालाच दिसणार नाही. बुधरीसाठी घेतलेला उजेड तो दुसरीला देत होता, हे त्याला कळत होतं. तार त्यानं जोडली नाही. दसरूनं त्या दिव्यामागं नाव घातली. दोन्ही बाजूंनी काळे खडक हातभर अंतरावरून सरकत गेले.

काठ लागला तेव्हा पुढं ना दिवा होता, ना कण्हणं. घाटाच्या पायऱ्यांवर दवाखान्यातली नर्स नीलाबाई उभी होती, पदरात तान्हं पोर घेऊन.

"बुधरी कोण?" तिनं विचारलं. "आत्ता एक बाई आली, ओलीचिंब. हे पोर हातात दिलं. माही जाऊ मागून येऊन राह्यली, तिचं आहे, तिले द्या म्हणाली. मी वळून पाह्यलं तं कोणी नाई."

मुखरूनं खाटेकडं पाहिलं. बुधरी गाढ झोपली होती, तोंडावर घाम नाही, अंथरुणावर थेंब नाही. पोट सपाट होतं. सुकरीनं पोर घेऊन तिच्या कुशीत ठेवलं. झोपेतच बुधरीला पान्हा फुटला, पोर चुटूचुटू प्यायला लागलं.

नीलाबाईनं पोराचं फडकं बाजूला केलं आणि तिचा हात तसाच राहिला.

"ही नाळ म्या नाई बांधली," ती म्हणाली.

दसरू वाकला. नाळेला डोंग्याच्या दोराचा धागा होता, नावाडी मारतात तशी पक्की गाठ मारलेला. धाग्याला शेवाळ होतं, श्रावणापासून पाच महिने पाण्यात राहिल्यावर धरतं तेवढं.