बोल्टाखालचा रंग

योगराजचा जुना पिकअप बंद पडला तो नेमका चुडामण नानांच्या गाडी-वायरिंगच्या दुकानासमोर. सावदा ते फैजपूर एवढा रस्ता मोकळा पडलेला, पण गाडीला हीच जागा आवडली. मागे केळीचे घड, त्यावर पसरलेली हिरवी पानं, आणि हॉर्न दाबला की मांजराच्या पिल्लासारखं केविलवाणं काहीतरी ऐकू यायचं.

"मिस्त्री कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"तुमच्यासमोर," दुकानातली मुलगी म्हणाली.

त्याने तिच्या मागे डोकावून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं — केसांना रुमाल, हातात टेस्टर, गालावर ग्रीसचा पुसट डाग — आणि चावी तिच्या हातात दिली. 'नाना येईपर्यंत थांबतो' न म्हणणारं ते पहिलंच गिऱ्हाईक. मोनालीने हे मनात टिपून ठेवलं, चेहऱ्यावर मात्र काही दिसू दिलं नाही.

नानांचे हात थरथरायला लागल्यापासून आयटीआय झालेली त्यांची ही मुलगीच दुकान बघत होती. नानांनी तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "संक्रांतीपर्यंत पाह्यतो. गिऱ्हाईक टिकलं तं दुकान तुयं. नाही तं गाळा भाड्यानं देऊन टाकतो." लहानपणी जिथे वायरींचे तुकडे खेळायला घेतले, तो गाळा दुसऱ्याच्या हाती जाईल या विचाराने तिला झोप लागत नसे.

बॅटरी ठणठणीत होती. दोष सापडला तो खाली, अर्थिंगची वायर जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडली होती तिथे. बोल्टाखाली गंज चढला होता. तिने तो घासून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला, आणि दिवे असे लागले की योगराजने डोळे मिटून घेतले.

"करंटला नुसतं जाऊन भागत नाही," ती म्हणाली. "परत यायलाही वाट हवी. ती चासीतून असते. उघडं लोखंड लोखंडाला टेकलं पाहिजे."

"म्हणजे... परत यायला हरकत नाही?"

"गाडी बंद पडली तरच."

तो हसत गेला. आणि थोड्याच दिवसांत गाडी बंद पडली की हो!

या वेळी तो दोरीने ओढून आणलेल्या गाडीसोबत शेतावरचं वांग्याचं भरीतही घेऊन आला. मोनालीला वाटलं, वायरच आतून कुजली असणार. पहिला बोल्ट बाहेरून तर घट्ट आणि नीटनेटका दिसत होता. तिने नवी वायर टाकली, चासीवर नवी जागा खरवडली. तो शेजारच्या स्टुलावर बसून तिचे हात बघत राहिला.

"काय बघताय?"

"मिस्त्री काम कसं करतात ते."

"शिकून घ्या. रोज कोण बसलंय इथे?"

"रोज बसणार असाल तर कशाला शिकू?"

तिच्या हातातून पाना निसटला. तो उचलायला दोघं एकदम वाकले, आणि मोनालीने उगाचच डोकं बॉनेटखाली घातलं. तो तिला आवडायला लागला होता. त्या दिवशी संध्याकाळी शटर ओढताना तिने हे स्वतःपाशी कबूलही केलं.

तिसऱ्यांदा पिकअप बंद पडला तो केळीच्या वजनकाट्यावर, साऱ्या गाडीवाल्यांच्या देखत. 'पोरीच्या हाती दिली अन् गाडी बसली' हे वाक्य गाडीच्या आधी नानांपर्यंत पोचलं.

"त्याले म्हना, भुसावयच्या मिस्त्रीले दाखव," नाना एवढंच म्हणाले आणि घरात निघून गेले. मोनालीला ते फार लागलं.

तिने मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी चासीला, आणि योगराजला स्टार्टर मारायला सांगितला. काटा हलायला नको होता. तो चांगलाच वर चढला. म्हणजे दोष पुन्हा अर्थिंगमध्येच! तिने नवा बोल्ट काढला. खाली काळाभोर, गुळगुळीत रंग. जुना काढला. तिथेही तेच.

"हा कोणी लावला?"

योगराज मान खाली घालून उभा राहिला. "आमच्या आबांनी, वडिलांनी. त्यांचा सारा जन्म भुसावळला रेल्वेचे डबे रंगवण्यात गेला. उघडं लोखंड दिसलं की त्यांना राहवत नाही. आणि वरवर काम नाही... बोल्ट काढायचा, खाली दोन हात द्यायचे, वाळला की परत आवळायचा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या वेळेनंतर. आबांना रंगवताना पाहिलं."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर गाडी बंद पडली नसती. मग... इथे काय सांगून आलो असतो?"

एरवी या उत्तरावर ती लाजली असती. आज तिचे डोळे भरून आले.

"तुम्हाला निमित्त मिळालं हो! पण त्यात माझं दुकान हातचं चाललंय. नाना गाळा भाड्याने देणार आहेत, माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. मोनालीने रंग खरवडला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस चोपडलं.

"गंज नको असेल तर हे लावायला सांगा. आता तुमचं इथे काम नाही."

पुढचे दिवस रिकामे गेले. रस्त्यावर कुठलाही पिकअप दिसला की तिची मान वर व्हायची, आणि मग स्वतःचाच राग यायचा. रागावले ते बरोबरच होतं, आणि तरी तो यायला हवा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात, हे तिला कळत नव्हतं.

मग एक टेम्पोवाला आला. "ताई, हेडलाइट बघता का? योगराजनं काट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, चूक आमच्या घरची, मिस्त्रीची नाही. आणि 'मला माहीत असून गप्प बसलो', हेही बोलला." दुसऱ्या दिवशी आणखी दोन गाड्या आल्या.

आणि एका दुपारी हॉर्न वाजला. असा खणखणीत, की नानाही बाहेर आले. पिकअपमधून लीलाधर आबा उतरले, हातात रंगाचे डबे.

"रंग मी लावला व माय, अन् नाव तुयं खराब झालं," ते मोनालीला म्हणाले. "मले कोनी सांगितलंच नाही. आता तुया बोर्ड तरी रंगवू दे." मग नानांकडे वळले. "काय नाव टाकू, चुडामणभाऊ?"

नानांनी जुन्या बोर्डावरच्या स्वतःच्या नावाकडे पाहिलं.

"मोनालीचं टाका," ते म्हणाले.

तिने पटकन पाठ फिरवली. समोर योगराज उभा होता.

"गाडीला काय झालं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"काहीच नाही. छान चालतेय."

"मग का आलात?"

"तुम्हाला बघायला. या वेळी निमित्त नाही, म्हणून खरं सांगतो. मला तुम्ही फार आवडता, मिस्त्री... माफ केलं नाही तरी आवडाल."

शिडीवरून आबांचा आवाज आला, "बोर्डाच्या खियाखाली तरी रंग देऊ का व माय, का तिथंबी नको?"

ती रडतारडता हसली. खिशातलं फडकं काढून तिने हात पुसले, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"उद्या ये," ती म्हणाली. "आणि चालू गाडीतच ये, योगराज."