खारवलीची टाकी का फाटली?

२०७१ सालच्या चैत्रात, भर दुपारी, खारवली गावाची पाण्याची टाकी फाटली. जाड कापड टरकावं तसा नुसता 'टर्र' आवाज झाला आणि पावसाळ्यात साठवलेलं सगळं गोडं पाणी उतारावरून खाडीत निघून गेलं. माणसं हंडे, पराती, हाताला लागेल ते घेऊन धावली. अकरा वर्षांची सुरंगी तांडेल पोहोचली तेव्हा तिच्या वाट्याला अर्धी कळशी गढूळ पाणी आलं.

समुद्र वर चढल्यापासून खारवलीच्या विहिरी खारट झाल्या होत्या. तीनशे माणसांना त्या टाकीचाच काय तो आधार होता. पाऊस यायला अजून दोन महिने होते. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून निरोप आला : उद्या सकाळी सौरबोटी येतील, गाव रिकामं करा, छावण्यांत सोय केली आहे.

टाकी गावाने स्वतःच्या हातांनी बनवली होती. नायलॉनची जुनी जाळी आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या पॉलिथीनच्या पिशव्या एकत्र वितळवून त्यांचे जाड ताव काढायचे आणि ते जोडायचे, ही युक्ती सुरंगीच्या आजोबांची. त्यांनी, म्हणजे डॉ. जनार्दन तांडेल यांनी, चाळीस वर्षं प्लॅस्टिकवर संशोधन केलं होतं. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. टाकी फाटल्यापासून मात्र ते कार्यशाळेतून बाहेर आले नव्हते.

सुरंगी फाटलेल्या तावाचा एक तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेली.

"आबा, जाळं मला दातांनीसुद्धा तुटत नाही. पिशवी ओढली तर नुसती लांबत जाते. मग दोन्ही मिळून केलेला ताव कसा फाटला?"

"आईला मदत कर जा. सामान बांधायचंय."

"बांधलं. चार बोचकी झाली. सांगा ना."

आबांनी तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बाजूला सरकले. सुरंगीने डोळा लावला. फाटलेली कड गोल गोल खड्ड्यांनी भरली होती. काही खड्ड्यांत चकचकीत मणी होते, बाकीचे रिकामे.

"कलिंगडातून बिया गळून पडल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

"मणी नायलॉनचे, गर पॉलिथीनचा. आपल्याला वाटलं, दोन्ही एकजीव झाले. पण वितळल्यावरही ते तेल-पाण्यासारखे वेगळेच राहिले. ही दोन्ही बहुवारिकं (लहान लहान रेणू एकापुढे एक जोडून बनलेल्या लांबलचक साखळ्या). पॉलिथीनच्या साखळ्या एकमेकींत शेवयांसारख्या गुंततात, म्हणून पॉलिथीन चिवट. नायलॉनच्या साखळ्या तर गुंततात आणि वर एकमेकींना घट्ट धरतातही. पण एकाच्या साखळ्या दुसऱ्याच्या घरात शिरत नाहीत. उंबऱ्यावरूनच परत फिरतात."

"उंबरा म्हणजे?"

"आंतरपृष्ठ (दोन पदार्थ जिथे एकमेकांना टेकतात ती सीमा). केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ. ताव ताणला गेला, की सगळा ताण त्या सीमेवर येतो. तिथे कुणी कुणाला धरलेलंच नाही. मग मणी सुटतो, पोकळी होते. एक पोकळी दुसरीला मिळते, आणि ताव फाटतो."

"यावर काही उपायच नाही?"

"आहे. सांधक (दोन न जुळणाऱ्या पदार्थांना जोडणारा रेणू). त्याचं अंग पॉलिथीनचं, म्हणून तो पॉलिथीनमध्ये गुंततो. त्यावर अणूंचा एक असा गट बसवलेला असतो, की तो नायलॉनच्या साखळीचं टोक पक्कं पकडतो. असा रेणू सीमेवर बसला, की मणी सुटत नाहीत. शिवाय ते एकमेकांना मिळून मोठेही होत नाहीत, बारीकच राहतात. शंभर किलोला दोन-तीन किलो पुरतो."

"मग आपण घातला नाही?"

आबांनी फळीवरची बरणी खाली काढली. तळाशी दोन चमचे पिवळट दाणे होते.

"अर्ध्या तावांनाच पुरला. पुढचा माल येणार होता, तो आलाच नाही. पावसाळा तोंडावर होता. मला वाटलं, निभावून जाईल." त्यांनी बरणी तिच्यापुढे ठेवली. "मला माहीत होतं, पोरी. कुणाला सांगितलं नाही."

सुरंगीने जाळ्याचे आणि पिशवीचे तुकडे मोजून वितळवायच्या यंत्रात टाकले. "किती दाणे घालू?" एवढंच तिने विचारलं. आबांनी दाखवले तेवढे घातले. हातभर पट्टी निघाली. ती गार झाल्यावर दोघांनी दोन्हीकडून ओढली. पट्टी लांबली, मधोमध पांढुरकी झाली, पण तुटली नाही.

तुटली नाही हे पाहून आबा खाली बसले आणि रडले. एवढ्याशा दाण्यांनी टाकी होणार नव्हती आणि गेलेलं पाणी परत येणार नव्हतं.

सकाळी धक्क्यावर त्यांनी सगळ्या गावाला खरं काय ते सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. शेजारची मालतीकाकू तेवढी म्हणाली, "सांगितलं असतंत, तर ताण कमी पडावा म्हणून ती टाकी आम्ही अर्धीच भरली असती, आबा." मग सगळे बोटींत चढले. सुरंगीची मैत्रीण नीरा दुसऱ्या बोटीत गेली. ती बोट दुसऱ्याच छावणीकडे वळली.

छावणीत आबांनी बोलणं सोडलं. जेवण पुढे ठेवलं तर दोन घास खायचे. आई समजावून थकली. पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून ते पडून राहायचे.

नवव्या दिवशी शिध्यात शिजलेल्या भाताची बंद पिशवी आली. वर्षभर टिकते असं तिच्यावर लिहिलं होतं. सुरंगीने रिकामी पिशवी धुतली, तिची कड नखाने सोलायचा प्रयत्न केला आणि ती आबांच्या हातात दिली.

"आबा, यात किती थर आहेत?"

त्यांनी ती उजेडाकडे धरली. नख लावून पाहिलं. थर सुटेना.

"पाच," आबा म्हणाले. नऊ दिवसांतला तो त्यांचा पहिला शब्द होता. "बाहेर पॉलिथीन, ते दमटपणा अडवतं. मध्ये नायलॉन, ते हवा अडवतं. आत परत पॉलिथीन."

"हे तर तीनच झाले."

"उरलेले दोन नुसत्या डोळ्यांना दिसायचे नाहीत. प्रत्येक सीमेवर सांधकाचा एक पातळ थर. तो नसता, तर ही पिशवी खारी बिस्किटासारखी पापुद्रे सुटून आली असती."

"म्हणजे ही ज्यांनी केली, त्यांच्याकडे सांधक आहे."

पिशवी उलटी करून आबांनी मागची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला.

"मला दिसत नाही. कुठे बनली आहे, वाच बघू," ते म्हणाले आणि भिंतीला हात टेकून उठून बसले.