कथिलाची खोली

मोठा पाऊस संपला तेव्हा आईने उखळ अंगणातून उचलून मागच्या खोलीत नेलं आणि कसाव्याची पानं ती तिथेच कुटू लागली. ती खोली माझ्या भावाची, कारेराची. शेजारणी म्हणाल्या, दुःखाने माणसाचं असं होतं. मला ते पटलं नाही, पण मी विचारलंही नाही. आईला काही विचारलं आणि सरळ उत्तर मिळालं, असं माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही. पानांचा हिरवट वास त्याच्या गादीला लागत होता, तेवढं मात्र मला खटकायचं.

मी खाणीच्या तपासणीखोलीत काम करते. न्गोरोरेरो गावाच्या वर, आमच्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, कंपनीचे बोगदे आहेत. पोती तिथून भरून येतात आणि पोत्यात काय आहे ते मी सांगते. लोक सगळ्यालाच कोल्टान, म्हणजे टँटॅलम धातूचा दगड, म्हणतात. काळे खडे दिसायला सारखेच, पण तळहातावर घेतला की एक हलका लागतो आणि एक हात खाली ओढतो. खरखरीत पांढऱ्या फरशीवर घासला की एकाची रेघ काळपट उमटते, एकाची फिकट तपकिरी. मग क्ष-किरणांचं यंत्र त्यावर धरायचं. आत काय काय आहे ते पडद्यावर येतं.

यातला वॉजिनाइट माझा लाडका. लालसर काळा, ठिसूळ, वजनदार आणि भलताच फसवा. कथिलाचा खडा समजून पुष्कळ जण त्याला बाजूला टाकतात. मला तो घरासारखा वाटतो. तीन खोल्यांचं घर. मोठ्या खोलीत टँटॅलम, ते जागचं हलत नाही. दुसरीत मँगनीज किंवा लोखंड. तिसरी खोली कथिलाची. पण कथिल कमी पडलं की त्या खोलीत टायटॅनियम शिरतं, आणि ते अर्ध्याहून जास्त झालं की दगडाचं नाव बदलतं. भिंती त्याच, घर तेच. खोलीत कोण जास्त आहे त्यावर नाव ठरतं.

आमच्या खाणीत वॉजिनाइट फक्त चार नंबरच्या बोगद्यात मिळायचा, तोही अगदी टोकाला. आणि चार नंबर पावसात खचला.

त्या दिवशी सकाळी कारेरा आणि त्याचा जोडीदार मुगाबो उकडलेली रताळी डब्यात घालून कामावर गेले होते. मी त्यांना जाताना पाहिलं. कंपनीने सांगितलं, बोगदा आदल्याच दिवशी बंद केला होता, आत कुणी नव्हतं. पोरं काँगोत पळाली असतील, तरणी पोरं जातातच. मग तोंडाशी दगडमाती रचून बोगदा कायमचा बुजवला. कुणी एक फावडंसुद्धा आत मारलं नाही. आई रोज खाणीच्या फाटकाशी जायची आणि एकच गोष्ट मागायची: माझा मुलगा आत आहे, एवढं लिहून द्या. त्यांनी दिलं नाही. मी त्यांच्याच पगारावर जगत होते, आणि मला त्या पगाराची किळस यायची. तरी नोकरी सोडली नाही. आत राहिले तरच काही हाती लागेल, असं मला वाटत होतं.

कोरडे दिवस सुरू झाले तेव्हा मुगाबोची बायको वेस्तिन माझ्याकडे आली. ती ओढ्यावर वाळू धुते. चार नंबरच्या तोंडाखालून झिरपणारं पाणी त्याच ओढ्याला मिळतं. तिने ओच्यातून पेला काढून माझ्या टेबलावर ठेवला. तळाशी काळी कणी होती.

"बघ गं जरा," ती म्हणाली. "हाताला वेगळी लागतेय."

मी चिमूट तळहातावर घेतली. हात खाली ओढला गेला. फरशीवर रेघ फिकट तपकिरी आली, आणि यंत्राने टँटॅलम, मँगनीज, कथिल दाखवलं. वॉजिनाइट होता. तेवढ्याने मी घाबरले नसते, बुजवलेल्या बोगद्यातून पाणी चार कण आणणारच. पण मग मी एक कण भिंगाखाली धरला. पाण्यात महिनोन्महिने घासलेल्या कणाचे कोपरे झिजतात. याचे कोपरे धारदार होते, नुकत्याच फुटलेल्या काचेसारखे.

मी वेस्तिनला म्हटलं, वहिनी, रोज आणत जा. कुणाला बोलू नका.

रुताइसिरे साहेबांना मात्र सांगावंच लागलं, बोगदा उघडायचा तर त्यांच्याच हुकमाने. ते खाणीचे व्यवस्थापक. माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून मला अगंतुगं करायचे. त्यांनी कणी बोटांत चोळली आणि हात पुसला.

"मिश्र माल म्हणून लिहून टाक, मुकाशेमा."

"मिश्र नाहीये हा. चार नंबरचा आहे. ताजा आहे."

"चार नंबरमध्ये कोण बसलंय ताजं फोडायला?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, तू हुशार पोरगी आहेस, असली नोकरी या टेकडीवर दुसरी नाही. मी म्हटलं, दगडाचं नाव मी ठरवत नाही साहेब, आत जे आहे ते ठरवतं. आणि त्यांच्या समोरच 'चार नंबर' लिहून खाली सही ठोकली. बरं वाटलं. त्यांनी तो कागद घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला.

पुढे वेस्तिन कणी आणत राहिली आणि मी तपासत राहिले. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. कथिल कमी होत होतं. दर खेपेला थोडं कमी, आणि त्याच्या जागी टायटॅनियम. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी जुने माहीत असलेले खडे तपासले. यंत्र ठणठणीत होतं. चार नंबरच्या जुन्या कुठल्याच दगडात टायटॅनियम असं नव्हतं. म्हणजे कण बोगद्याच्या टोकाच्याही पलीकडून येत होते. खडकात कुणीतरी पुढे सरकत होतं.

हे मी आईला घरी जेवताना सांगितलं. सांगायचं नव्हतं, तोंडातून गेलं. समोर राजमा आणि कुटलेल्या पानांचं कालवण होतं. आईने घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"कुठवर आलाय?" तिने विचारलं.

कण वाहत येतात आई, माणूस येत नाही, असं मी तिला म्हणायला हवं होतं. मी शिकलेली आहे. मी म्हणाले, "माहीत नाही."

"मग शोध," आई म्हणाली आणि ताटं उचलून मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिथून मुसळाचे ठोके ऐकू येऊ लागले.

महिन्याचा शेवटचा शनिवार उमुगांडाचा. त्या सकाळी टेकडीवरच्या प्रत्येक घरातून एकाने तरी कुदळ घेऊन गावकामाला यायचं, आणि ते काम अडवायची कुणाची छाती नसते. त्या खेपेला गावप्रमुखाने काम दिलं ते ओढ्याच्या नाल्याचं. गाळ साचला होता, तो उपसायचा. आईने पदर खोचला, सगळ्यांच्या पुढे झाली आणि नाल्याच्या काठाने वर, वर, थेट चार नंबरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"नाला इथून तुंबलाय," ती म्हणाली आणि पहिली कुदळ मारली.

दुसरी वेस्तिनने मारली. मग बायकांची रांगच लागली. पुरुष जरा घुटमळले, मग तेही आले. गावप्रमुख मान खाली घालून दगड उचलत होता आणि कुणी विचारलं तर नाल्याचंच काम चाललंय असं सांगत होता. रुताइसिरे साहेब घामाघूम होऊन धावत आले. ही कंपनीची जागा आहे, वर कळवीन, एकेकाला आत टाकीन, असं बरंच काही बोलले. आईने कुदळ खाली ठेवली नाही.

"कळवा की," ती म्हणाली. "आत कुणी नाही म्हणालात ना? मग भिता कशाला?"

लोक हसले, पण लगेच थांबले, कारण त्याच वेळी माती आत ढासळली आणि भोक पडलं.

आत मी, वेस्तिन आणि साहेब गेलो. मीच म्हटलं होतं, तुम्ही चलाच. खचलेल्या ढिगाऱ्याच्या पलीकडे बोगदा शाबूत होता. खुंटीला दोन जाकिटं टांगलेली. खाली डबा, आतून लख्ख पुसलेला. वेस्तिनने मुगाबोचं जाकीट काढून छातीशी धरलं आणि साहेबांकडे नुसतं बघत राहिली.

हाडं नव्हती. कापडाचा तुकडा नव्हता. कुजल्याचा वाससुद्धा नव्हता.

मी टोकाला गेले. नकाशात जिथे बोगदा संपतो तिथे तो संपला नव्हता. भिंतीत एक भोक पुढे गेलं होतं. माझा हात खांद्यापर्यंत आत गेला, खांदा गेला नाही. उंदीर-घुशीचं काम म्हणावं तर खडकावर टिकावाचे घाव होते, एकाला एक लागून, नीट. सगळे डावीकडून उजवीकडे उतरलेले.

कारेरा डावखुरा. मुकादम त्याला चिडवायचा की हा भिंत आरशात बघून खोदतो.

भोकातून गार हवा येत होती आणि तिला हिरवट वास होता. कुठला, ते मला तिथे आठवेना.

त्यानंतर जिल्ह्याची माणसं आली. जाकिटं पाहिली, डबा पाहिला. दोघे आत होते हे कंपनीला लिहून द्यावं लागलं, नावासकट, आणि साहेबांची बदली झाली. ते भोक चोरट्यांनी पाडलं असणार, असं ठरलं. हात जेमतेम शिरेल एवढ्या भोकात कसले चोरटे शिरले, हे मी विचारलं. कंपनीने लिहून दिलेला कागद आईने दोनदा वाचून घेतला, मला गालावर थोपटलं आणि चुलीमागच्या फळीवर मिठाच्या बरणीखाली ठेवून दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यासाठीच ती भांडली होती, असं मला वाटलं.

चर्चचे फादर घरी आले. आता प्रार्थना ठेवू, शोक आवरता घेऊ, तारीख सांगा, असं ते समजावून म्हणाले. आईने त्यांना दह्याचा पेला दिला.

"घाई काय आहे, फादर?" ती म्हणाली.

वेस्तिन तोवर आमच्याकडेच राहायला आली होती. ओढ्यावर काळी कणी यायची थांबली होती.

मग काल दुपारी मी तपासणीखोलीत होते तेव्हा आई आली. ती तिथे कधी येत नाही. पदराच्या गाठीतून तिने चिमूटभर काळी भुकटी काढून माझ्या फरशीवर ठेवली.

"सकाळी मागची खोली झाडताना निघाली," ती म्हणाली. "बघ."

मी यंत्र धरलं. टँटॅलम, मँगनीज. कथिलाच्या खोलीत टायटॅनियम, अर्ध्याहून कितीतरी जास्त.

असा दगड मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि तो माझ्याच खणात होता. आमच्या घराचा पाया खणताना कारेराला सापडलेला. तेव्हा मी शाळेत होते. तुला दगड आवडतात ना, घे, म्हणून त्याने तो माझ्या हातावर ठेवला होता. माझ्या आयुष्यातला पहिला खडा. मी खण उघडला, तो काढला, यंत्राखाली धरला. आकडे तेच आले. मी परत धरला. तेच आले.

"कुठवर आलाय?" आईने विचारलं.

या वेळी मला माहीत होतं. मी यंत्र बंद केलं.

आम्ही दोघी घरी आलो. मागच्या खोलीत ऊन आलं होतं. गादी काढून भिंतीला लावली होती, चटईही गुंडाळलेली. उघड्या जमिनीवर मधोमध उखळ, बाजूला कारेराचा धुतलेला सदरा आणि मुगाबोचं जाकीट घडी घालून ठेवलेलं. वेस्तिन पानं कुटत होती. ठक, ठक, ठक, थोडं थांबून पुन्हा तसंच.

तेव्हा मला आठवलं. आमच्याकडे दोन बाजूंनी बोगदा खणतात तेव्हा बाहेरच्याने ठोकत राहायचं असतं, आणि आतला त्या आवाजाच्या रोखाने खणत येतो. आई पाऊस संपल्यापासून रोज ठोकत होती.

"वेस्तिन, थांब जरा," आई म्हणाली.

वेस्तिनने मुसळ वर उचलून धरलं.

ठोके चालूच राहिले.

मी उखळाकडे पाहिलं. तळातली पानं हलत होती.

आईने वेस्तिनच्या हातातलं मुसळ घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते घट्ट धरलं, आणि मारलं.

"असंच," आई म्हणाली, आणि दोघांच्या पायांसाठी पाणी तापवायला गेली.