खाटा कोनासाठी?

सदानंदमामा दवाखान्याची गाडी चालवायचे. गावाकडं, शेणव्याला, शेकोटीभोवती पोरं जमली की त्यांच्याकडं गोष्ट मागायची. त्या रात्री त्यांची भाची रुपाली नर्सिंगला लागल्याचे पेढे वाटून झाले, तेव्हा मामा तिच्याकडं बघून म्हणाले, "तुला खरीच एक सांगतो गो. वंदना सिस्टरनं माज्यापुढं रडत सांगितलेली. दवाखान्याचं नाव इचारू नको."

गेल्या पौषातली अमावस्या. मुरबाडच्या अंगाचा दवाखाना. रात्रपाळीची वंदना चावी आणायला निघाली होती. वॉर्डाबाहेर पडायचं, मागच्या क्वार्टरला जायचं, श्वेता मॅडमकडून ब्लँकेटांच्या कपाटाची चावी घ्यायची, परत यायचं. एवढंच काम.

वॉर्डातल्या सगळ्या बाया फरशीवर निजलेल्या. खाटा मोकळ्या! सकाळी साहेब तपासणीला येणार म्हणून खाटांवर नव्या चादरी ताणलेल्या, आणि इन्चार्ज श्वेता मॅडमनं बजावलेलं, "एकीलाही वर चढू द्यायचं नाही. चादर चुरगळली तर तुझी नोकरी गेली समज." माणसं थंडगार फरशीवर आणि चादरी खाटेवर झोपल्यात. काय म्हणायचं या अकलेला!

त्यात पाड्यावरची तानी दिवस मावळताना बाळंत झालेली. पोरगी मुठीएवढी. घरी असती तर बाजेखाली निखारे ठेवले असते. सासू बारकीनं निखाऱ्याचं विचारलं, तर मॅडम खेकसली, "हे काय तुझं जंगल आहे?" जंगलात निदान ऊब मिळते, बये! आता पोरीचे तळपाय गार पडत चाललेले.

वंदनानं दार वाजवलं.

"सकाळी बघू," आतून आवाज आला.

"मॅडम, बाळ गार पडतंय."

"सकाळी म्हटलं ना!"

आतला दिवा गेला.

वंदना कंत्राटावरची. घरात कमावणारी तीच. दारात उभी राहून रडली आणि रिकाम्या हातानं माघारी फिरली.

"तितंच चुकली," मामा म्हणाले. "दार फोडायचं होतं."

वॉर्डाजवळ आली तर आतून आवाज. चपलांचा. फट्... फट्...

वंदनानं आत पाऊल टाकलं. खाटांवर बाया होत्या. सगळ्या. नव्या चादरी दुहेरी करून अंगावर ओढलेल्या. तानीची पोरगी तिच्या उघड्या छातीला चिकटलेली.

"कोनी चढवलं गो तुमाला?"

"मोट्या बायनं," बारकी म्हणाली. "पांढरं लुगडं नेसलेली. लय वरडली. खाटा कोनासाठी हायेत म्हने! ती बघ, हाय अजून तिकडं."

टोकाच्या खाटेशी कोणीतरी वाकलं होतं. पाठमोरं. पांढरी साडी. आता ड्युटीवर साडी कोण नेसतं? ती बाई पेशंटच्या तळपायाला हाताची पालथी बाजू लावून बघत होती.

असं एकच बाई करायची. जुनी इन्चार्ज, वत्सला सिस्टर. आधी स्वतः सगळ्यांचे पाय चाचपायची, मग इतरांना कामं सांगायची. पेशंट जेवल्याशिवाय जेवायची नाही. करोनात गेली. ह्याच वॉर्डात.

पांढरी साडी वळली.

"कुठं होतीस?"

"चावी... आनायला..."

"मिळाली?"

"नाय."

"कोन देत नाय?"

वंदनाची नजर तेवढी मागच्या दाराकडं गेली.

चपला निघाल्या. तिच्या अंगावरून. गार वारं... मग अंगण. फट्... फट्... मग क्वार्टरची कडी.

जे दार वंदनाला उघडलं नाही... ते उघडलं.

ओरडणं नाही. काहीच नाही.

सकाळी साहेब आले. खाटांवर चुरगळलेल्या चादरी, त्यात बाया. साहेबांचं तोंड वाकडं झालं. तेवढ्यात श्वेता मॅडम पुढं झाली. "मी चढवल्या," म्हणाली. दुसरा शब्द नाही.

पोरगी वाचली. आता रांगते.

"मंग भूत कुठं ग्येलं, मामा?" एका पोरानं खिदळत विचारलं.

मामांनी शेकोटीतलं लाकूड पुढं सारलं.

"मॅडमचा उजवा हात... त्या रात्रीपासून, मनगटाच्या खाली. मी स्वता धरून बघितलाय. भर वैशाखात. नाडी चालते. बोटं हलतात."

"मंग?" रुपालीनं विचारलं.

"मढ्यासारका गार. कडत पान्यात बुडवते, शेकते... नाय तापत."