खारडोहाची दृष्ट

“हेमांगी, पहिली बाटली निर्जीव आहे,” जनुकवाचकाच्या पडद्यावर बोट टेकवत यतीन सोहनी म्हणाला. “काही म्हणजे काहीच नाही तिच्यात.”

डॉ. हेमांगी घरतने चष्मा काढून पुसला. अंटार्क्टिकावरच्या खारडोहातले सूक्ष्मजीव हा तिचा शोध. समुद्राच्या दसपट खारं, उणे अठरालाही न गोठणारं पाणी, आणि त्यात लाखो वर्षं तग धरून राहिलेले मूळ रहिवासी! असं ती जगभर सांगत फिरली होती. पहिल्या दिवशीची बाटली मात्र शिरस्त्याप्रमाणे सात वर्षं सीलबंद होती. कधी तुलना करायची वेळ आली तर असावी, म्हणून.

“मग आज तळ्यात आहेत ते आले कुठून?”

“मिठागरातून. आपल्या उरण-पेणकडच्या. जुन्या नोंदींशी तंतोतंत जुळतात. हे खारजीव मिठाच्या खड्यात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. पाणी मिळालं की जागे! उन्हाळ्यात इथला वरचा थर दहा अंशांपर्यंत तापतो. तेवढ्या एका उन्हाळ्यात ते सहा वेळा दुप्पट होतात. सात वर्षांत बेचाळीस वेळा. अगं, एकाचे चार लाख कोटी! पण इथं मीठ आणलं कुणी?”

“मी,” हेमांगी म्हणाली.

तिचे वडील, दादा, जन्मभर मिठागरात राबले. मिठागरावर भराव पडून गोदामं उभी राहिली, तेव्हा शेवटच्या राशीतलं मूठभर मीठ त्यांनी जपून ठेवलं. लेक अंटार्क्टिकाला निघाली तशी त्यात मोहरी घालून तिच्या हातात पुडी कोंबली. “बाय, मशीनची दृष्ट काढ हो.” हिचा कशावर विश्वास? पण म्हाताऱ्याचं मन मोडवेना. पहिली बाटली भरून झाल्यावर तिने पाणी उपसायच्या यंत्रावरून मीठ-मोहरी उतरवली. चूल नाही, जाळणार कुठे? दिली तळ्यात भिरकावून. खाऱ्या पाण्यात चिमूटभर मीठ, काय बिघडतंय! डॉक्टरेट घेतलेली बाई, आणि अक्कल अशी चरायला गेलेली.

यतीनने सगळं ऐकून घेतलं. “नियम ठाऊक आहे ना?”

ठाऊक कसा नसेल? तिनेच लिहिला होता. बाहेरचा जीव सापडला, तर वाऱ्याबरोबर तो शेजारच्या तळ्यांत पोचायच्या आत सगळं पाणी निर्जंतुक करायचं.

“एक बाटली तरी ठेवू दे रे. दादांच्या मिठागरातलं जगात आता एवढंच जिवंत उरलंय.”

“एक थेंबही ठेवता येत नाही. पाचवं कलम. तेही तुझंच.”

तिला रडू फुटलं. रडतरडतच तिने निर्जंतुकीकरणाच्या आदेशावर सही केली.

रविवारी दादांचा फोन आला, तेव्हा खिडकीबाहेर खारडोहात रसायनाच्या टाक्या रिकाम्या होत होत्या.

“बाय, मशीन बरं चाललंय ना?”

“हो दादा. सात वर्षांत एकदाही बिघडलं नाही.”

“बघ! मी सांगत नव्हतो? आपल्या मिठानं काढलेली दृष्ट होती ती.”

“हो दादा,” ती म्हणाली, “मीठ आपलंच होतं.”