उजवा खांदा अर्धा इंच खाली

माझं दुकान दहा फूट बाय बावीस. पुढे काउंटर, मध्ये कापायचं टेबल, मागे दोन मशीनं आणि शेवटच्या भिंतीला कोन साधून लावलेले तीन उंच आरसे. त्यांच्यापुढे उभं राहिलं की गिऱ्हाइकाला स्वतःची पाठ दिसते. बहुतेकांना ती आवडत नाही. मी कोट शिवतो. गिऱ्हाइकाला माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पोट आत ओढू नका. कोट रोज घालायचाय, फोटोपुरता नाही." मग टेपचं पितळी टोक मी मानेच्या हाडावर टेकवतो. ते गार लागतं आणि गिऱ्हाईक हमखास दचकतं.

सवयीने मी अर्ध्या इंचात विचार करतो. त्यामुळे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी डॉक्टरबाईंनी जे सांगितलं, ते माझ्या पचनी पडेना. लिव्हर सिरॉसिस. लिव्हर आक्रसलंय, कडक झालंय. लहानपणी एका ऑपरेशनात मला रक्त चढवलं होतं. त्यातून आलेला विषाणू चाळीस वर्षं आत गुपचूप बसून होता. जन्मात चहापेक्षा कडक काही प्यायलो नाही आणि दुखणं मिळालं ते दारुड्याचं! शेजारच्या लाँड्रीवाल्याला काही ते पटलं नाही. "मास्तर, एकटे एकटेच?" म्हणाला, "आम्हाला कधी बोलावलं नाहीत."

"किती वर्षं?" मी डॉक्टरबाईंना विचारलं.

"सांगता येत नाही. काही जण दोन वर्षांत जातात, काही पंधरा काढतात."

"बाई, मी गिऱ्हाइकाला सांगितलं की बाही कोपरापर्यंत येईल नाही तर गुडघ्यापर्यंत, तर तो दुकानात थांबेल का?"

त्या हसल्या नाहीत. मीठ बंद केलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बायकोला बजावलं, "रक्तात अमोनिया वाढला की यांना भास होतील. तेव्हा यांच्या बोलण्यावर जाऊ नका."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कोणीही हेच म्हणेल. मीही म्हणालो होतो.

त्याच महिन्यात एका दुपारी मी बाहीचे कच्चे टाके घालत होतो. दुकानात कोणी नव्हतं. मानेच्या हाडावर काहीतरी गार टेकलं. ते पाठीच्या मध्यावरून सरळ खाली कमरेपर्यंत गेलं आणि सुटलं. मी वळून पाहिलं. मागे फक्त आरसे होते आणि त्यांत माझाच उतरलेला चेहरा.

चहा घेऊन परत आलो तर टेबलावर करड्या रंगाचं गरम कापड घडी करून ठेवलेलं. त्याच्या काठाला बारीक निळी रेघ होती. वर टाचणीने चिठ्ठी लावली होती, माझ्याच दुकानाच्या छापील चिठ्ठ्यांपैकी. नाव नाही, तारीख नाही, नुसती कोटाची मापं. अक्षर थरथरतं. छाती अडतीस, पोट सेहेचाळीस, दंड अगदी बारीक. खाली एक ओळ होती : उजवा खांदा अर्धा इंच खाली.

काटकुळ्या हातांचा आणि माठासारख्या पोटाचा हा कोण माणूस, मला आठवेना. पण माप आलं की शिवायचं, हा माझा धर्म. कोट झाला. न्यायला कोणी आलं नाही. तो खुंटीवर लटकत राहिला. त्या कापडासाठी मी बाजार पालथा घातला. निळ्या रेघेचं कापड कोणीही काढत नव्हतं.

सहा महिन्यांनी माझ्या पोटात पाणी झालं. पाय सुजले, दंड वाळले. दवाखान्यात सुईने पाणी काढलं तरी पोट पुरतं उतरलं नाही. घरी निघायच्या दिवशी थंडी होती आणि माझा एकही कपडा मला होईना. बायकोने खुंटीवरचा कोट आणला होता. "पडूनच आहे ना," ती म्हणाली, "घाला."

मी बटणं लावली. कोट अंगावर असा बसला की बायकोने दोनदा मागे फिरून पाहिलं. वर्षानुवर्षं कात्री चालवून माझा उजवा खांदा अर्धा इंच खाली आलाय. आजवर कुठलाही तयार कोट मला तिथे नीट बसलेला नाही. हा बसला.

भास म्हणावा तर कोट बायकोनेही पाहिला होता, परिचारिकेनेही. आणि एक गोष्ट शिंप्यालाच कळेल. स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही. हात मागे नेला की खांदा उचलतो आणि माप चुकतं. ही मापं कोणीतरी माझ्या मागे उभं राहून घेतली होती.

वर्ष सरलं आणि पुन्हा तसंच झालं. दुपार, मानेवर गार टोक, टेबलावर तेच कापड. या वेळी पोट बेचाळीस, दंड पाऊण इंचाने जास्त. मी चिठ्ठी घेऊन खुर्चीत बसलो आणि मला रडू फुटलं. हा माणूस बरा होत होता! सहा महिन्यांनी मी खरोखर बेचाळिसावर आलो. मधल्या काळात एकदा रक्ताची उलटी झाली, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी कड्या बसवल्या, बायको आठ दिवस नीट जेवली नाही. मी मात्र आतून निर्धास्त होतो. कोट शिवून तयार होता ना! तो घातल्याशिवाय मी कुठे जाणार?

मग तिसरं वर्ष लागलं. ठरलेला आठवडा आला आणि गेला. मान गार झाली नाही. टेबल रिकामंच.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःला हसलो. चौथ्या आठवड्यात चहाला जाणं बंद केलं, टेबलाकडे टक लावून बसू लागलो. कधी मधूनच मान गार पडायची, पण टोक टेकायच्या आत सुटायचं. जणू कोणी हात पुढे करून मागे घेतला. सातव्या आठवड्यात माझा धीर सुटला. मला फार भीती वाटली, इतकी की जेवताना घास हातात तसाच राहायचा. मापच नाही म्हणजे माप घ्यायला माणूसच नाही, एवढा हिशोब मला येत होता.

अकराव्या आठवड्यात मी दुकान लाँड्रीवाल्याला द्यायचं ठरवलं. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती, शाळेतून थेट दुकानात यायची. "बाबा, मी शिकते ना कापायला," ती म्हणाली, "द्यायचं कशाला?"

"शिकवायला वेळ लागतो."

"मग घ्या की वेळ!"

ठरल्या दुपारी मी किल्ल्या मुठीत धरून आरशांपुढे उभा राहिलो. लाँड्रीवाला काउंटरपाशी घुटमळत होता. आता तोही मस्करी करत नव्हता.

तेवढ्यात मानेवर गार टोक टेकलं. या वेळी ते सुटलं नाही.

मी हललो नाही. टेप पाठीवरून गेली, खांद्यांवरून गेली. सावकाश, थरथरत. मी वळलो तेव्हा कापड टेबलावर होतं. लाँड्रीवाला तोंड उघडं टाकून पाहत होता. "हे कोणी ठेवलं?" तो म्हणाला. "मी तर इथेच उभा आहे."

मी चिठ्ठी वाचली. पोट छत्तीस, सपाट. पण पाठ पुढच्यापेक्षा दोन इंच लांब, पुढचा भाग आखूड, बाही आखूड, छाती आत गेलेली. आधी मला उलगडा होईना. मग झाला आणि मी एवढ्या मोठ्याने हसलो की मुलगी धावत आत आली. असं माप मी आयुष्यात फक्त एकाच जातीच्या गिऱ्हाइकांचं घेतलंय. पाठीला बाक आलेल्या, ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांचं.

किल्ल्या खिशात टाकल्या. "दुकान द्यायचं नाही," मी लाँड्रीवाल्याला सांगितलं. "पुढची तीस वर्षं तरी नाही."

त्याला आता तीस वर्षं झाली. नवी औषधं निघाली, विषाणू गेला. लिव्हर आहे तसंच आहे, खडबडीत आणि कुरकुरणारं, पण काम करतं. दर सहा महिन्यांनी मी तपासणीला जातो. त्या डॉक्टरबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही माझा अंदाज खोटा पाडलात."

"तुम्ही अंदाज दिलाच कुठे होता?" मी म्हणालो. तेव्हा मात्र त्या मनापासून हसल्या.

मी एक्याऐंशीचा आहे. मुलगी दुकान चालवते आणि माझ्यापेक्षा सरस कापते. तिसरा कोट इतकी वर्षं कपाटात होता. यंदाच्या थंडीत घालून पाहिला. पाठ चपखल बसली.

त्यानंतर आठवड्याभरात मुलीने कापडाचा नवा तागा आणला. "नवी गिरणी आहे, बाबा. माल छान आहे." करडं गरम कापड. काठाला बारीक निळी रेघ.

मी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

एका दुपारी आरशांकडे पाहिलं तर मधल्या आरशात एका माणसाची पाठ होती. समोर कोणी नव्हतं. मान पिवळट, उजवा खांदा अर्धा इंच खाली. तो बाहीला टाके घालत होता. माझ्या गळ्यात टेप होतीच. मी काचेकडे हात नेला, काच लागली नाही. टोक मानेवर टेकवलं तसा तो दचकला. डोळ्यांपुढे सडपातळ माणूस होता आणि पोटावर टेप सेहेचाळीस दाखवत होती. मी टेपवरचा आकडा लिहिला. शिंप्याने डोळ्यांवर नाही, टेपवर भरवसा ठेवावा. चिठ्ठी कापडाला टाचली, टेबलावर ठेवली. चष्मा पुसून पाहिलं तर टेबल रिकामं.

पंधरा दिवसांनी दुसरं माप घेतलं. बेचाळीस.

तिसरं घ्यायला माझा हात पुढे जाईना.

कारण ते माप माझं होतं, आजचं. त्यानंतरची चिठ्ठी मला कधी आलेली नाही. तो रोज दुपारी आरशात यायचा, पाठमोरा, रिकाम्या टेबलाकडे बघत. मी हात उचलायचो आणि मागे घ्यायचो. एकदा ऐंशी गाठली की माणूस एक्याऐंशीचीही हाव धरतो, लाज कशाला बाळगू?

काल दुपारी त्याच्या मुठीत किल्ल्या दिसल्या.

मी ताडकन उठलो. गुडघे करकरले. "थांब रे," मी म्हणालो आणि टोक त्याच्या मानेवर दाबून धरलं. पाठ, खांदे, बाही, सगळं घेतलं, घाई केली नाही. चिठ्ठी लिहिताना हात थरथरत होता, पण आकडा एकही चुकवला नाही. कापड टेबलावर ठेवलं आणि आरशातून कोणीतरी मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं.

ते हसू ऐकून माझा ऊर भरून आला. घे बाबा, म्हटलं. तीस वर्षं आहेत, पुरवून वापर.

आरशात आता मीच होतो, माझ्या कोटात. मी तसाच उभा राहिलो. संपलं, असं वाटलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

आणि मानेच्या हाडावर काहीतरी गार टेकलं.

मुलगी काउंटरवरून माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे म्हणजे, माझ्या थोडं मागे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमच्या मागच्या आजोबांना खुर्ची द्या ना. केवढे म्हातारे आहेत, उभं राहवत नाहीये त्यांना."