लाकडी ससाणा

बूट नेमका ससाण्याला लागला आणि ससाणा पंख मोडून झुडपात पडला.

"वाचली बिचारी पाखरं," तो धापा टाकत म्हणाला. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.

झाडाआडून ती आली. हातात दोरी, डोळ्यांत जाळ. "लाकडी होता तो. मीच सोडला होता."

कप्पाळ! पक्ष्यांचा अभ्यास करणारी ही मुलगी तारेवरून खोटा ससाणा सोडायची आणि दाणे टिपणारी पाखरं भिऊन उडाली की केव्हा परततात ते बघायची. आणि हा दातांचा डॉक्टर, फिरायला निघालेला, पाखरांचा कैवार घेऊन धावला होता.

पंख त्यानेच जोडून दिला, दात भरायच्या सिमेंटने. मग काय, रोज सकाळी दोरी ओढायला स्वारी हजर.

"झुडपाजवळची दाण्यांची ताटली रिकामी, लांबची भरलेली. असं का?"

"उघड्यावर ससाणा झडप घालतो. झुडूप जवळ असलं की पळता येतं."

"मग एकदाच पोटभर खाऊन दडून बसावं."

"जड झालं की चपळाई जाते. म्हणून थोडं खायचं, मान वर करून बघायचं, पुन्हा थोडं…"

"तुम्ही माझ्याकडे असंच बघता," तो म्हणाला. "थोडं बघायचं, की लगेच नजर दुसरीकडे…"

तिचे कान तापले, दोरी सुटली आणि ससाणा भलत्याच वेळी सुसाट निघाला. सकाळ फुकट गेली, पण तिला काडीचं वाईट वाटलं नाही.

पानगळ सरता सरता त्याला दूरच्या शहरात नोकरी लागली. "दुपारच्या बसने निघतोय," तो म्हणाला. "लग्न कराल माझ्याशी?… बस सुटेपर्यंत सांगा."

तिचं ठरलेलं लग्न एकदा मोडलं होतं. तेव्हापासून तिने या गोष्टीची धास्तीच घेतली होती. तिने ताईला फोन लावला.

"पुन्हा मोडलं तर, ताई?"

"तर रडशील. मी आहे ना. पण तो गेला तर आजच रडशील, वेडे."

तिच्या खिडकीबाहेर झुडपाजवळच्या ताटलीतले दाणे संपले होते. एक इवलं पाखरू इकडे बघत, तिकडे बघत, लांबच्या ताटलीवर उतरलं. ती चपला न घालताच धावत सुटली.

बस घरघरत उभी होती. खिडकीत तो.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "अजून वाटतेय."

"मग?"

"मग हात धरा ना… भीती जायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन."

तो उडी मारूनच उतरला. बस निघून गेली, त्याची ट्रंकही घेऊन गेली, आणि दोघांच्या ते बऱ्याच वेळाने लक्षात आलं.